अकरावी केमिस्ट्री: पाया कुठून पक्का करावा? (मुंबई)

परळची_आई
मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावी सायन्सला आहे. अणूची रचना, इलेक्ट्रॉन संरूपण घडाघडा सांगते. मोल आणि द्रावणांची गणितं आली की मात्र अडते. क्लासमध्ये वेग फार, शंका विचारायला लाजते. घरी रोज तासभर बसू शकतो, पण मी कॉमर्सची. सुरुवात कुठून करू?

मुलुंडचे_मास्तर
ताई, आधी तिला एकच विचारा: क्लोरीनचं अणुवस्तुमान 35.5 कसं? अर्धा न्यूट्रॉन तर नसतो! 35 आणि 37 वस्तुमानांकाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू) साधारण 3:1 प्रमाणात असतात आणि 35.5 ही त्यांची सरासरी, असं तिने स्वतःहून सांगितलं तर अणुरचना समजली आहे. नुसतं पाठ असेल तर इथेच कळेल.

मग तिथूनच पुढे न्या. 35.5 ग्रॅम क्लोरीन म्हणजे 6.022 × 10²³ अणू, म्हणजेच एक मोल अणू. त्यात सोडियमचे 23 मिळवा, मिठाचे 58.5 झाले. 58.5 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून द्रावण एकूण 1 लिटर केलं की 1 मोलर. लक्षात घ्या, 1 लिटर पाण्यात मीठ टाकायचं नाही. आधी विरघळवायचं, मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. हीच साखळी ग्लुकोज (180) आणि युरिया (60) घेऊन तिच्या हाताने सोडवून घ्या. मोल कच्चा राहिला की पुढचे सगळे धडे अवघड जातात, म्हणून आठवडाभर दुसरं काही घेऊ नका.

लॅबवाले_काका
मास्तरांना दुजोरा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दरवर्षी बघतो: ऑक्झॅलिक आम्लाचं 0.1 मोलर द्रावण, 250 मिली करायचं असतं. मुलं रेणुवस्तुमान 90 धरतात आणि 2.25 ग्रॅम तोलतात. बाटलीतल्या स्फटिकात आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, त्यांचे 36 धरून 126. म्हणजे 3.15 ग्रॅम हवं.

कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइड) तर मुंबईच्या पावसाळ्यात विचारूच नका. वॉचग्लासवर ठेवेपर्यंत गोळ्या हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, तोललेलं वजन खरं राहत नाही. म्हणून त्याच्या द्रावणाची नेमकी संहती (लिटरमागे किती मोल) टायट्रेशन करून, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी थेंबाथेंबाने पूर्ण अभिक्रिया घडवून काढतात, ऑक्झॅलिक आम्लाच्या 1 मोलला सोड्याचे 2 मोल. मुलीला म्हणावं, प्रॅक्टिकलला मागे उभी राहू नकोस, ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची नळी) स्वतः हातात घे.

बीएस्सी_दादरकर
काकू, बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं मोफत मिळतात. नववी-दहावीचे रसायनाचे धडे मराठीत वाचून अकरावीचा इंग्रजी धडा लगेच समोर ठेवायचा. मला याचाच सर्वात जास्त फायदा झाला.

मोलॅरिटी आणि मोलॅलिटीत घोळ होतो, तो आत्ताच मिटवा. दोन्हींत विरघळलेल्या पदार्थाचे मोलच मोजतात: पहिली लिटरभर द्रावणावर, दुसरी किलोभर द्रावकावर (ज्यात विरघळवतो ते, उदा. पाणी). तापमान वाढलं की आकारमान वाढतं, म्हणून मोलॅरिटी बदलते. वस्तुमान बदलत नाही, म्हणून मोलॅलिटी तीच राहते.

परळची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार! 35.5 चा प्रश्न आजच विचारते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेऊ का?

मुलुंडचे_मास्तर
जरूर न्या, गोडी लागेल. पण मोलच्या गणितांना वहीच लागते. ती जमू लागली की मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर केमिस्ट्री ऑलिंपियाडचे जुने पेपर बघा. आत्ता नको, घाबरेल, दिवाळीनंतर.