शेजारी मारहाण होत असेल तर बेल वाजवावी का?

खाडीकाठची
कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहते. शेजारी मोहरी तडतडली तरी आम्हाला कळतं, अशा भिंती. गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला शेजारच्या टीव्हीचा आवाज एकदम वाढला. तो वाढला की आत काय चाललंय हे अख्ख्या मजल्याला माहीत असतं, चार वर्षं झाली. या वेळी कुकर आपटला आणि त्यानंतर वहिनींचा आवाजच येईना. मी तशीच रिकाम्या हाताने गेले आणि बेल दाबली. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं, बनियन घामाने भिजलेलं. तोंडाला आलं ते बोलले, "विरजणाला चमचाभर दही आहे का?" वहिनींनीच वाटीत आणून दिलं, डावा हात ओढणीखाली धरून. "एवढं पुरेल ना?" म्हणाल्या. टीव्ही बंद झाला तो रात्रभर बंदच.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "सभासदांनी दुसऱ्याच्या घरगुती बाबीत नाक खुपसू नये." खाली नऊ अंगठे, त्यातले चार बायकांचे. माझं चुकलं का?

थेट_बोलतो
चुकलंच. नवरा-बायकोची भांडणं कोणाच्या घरात नाहीत? आज भांडतील, रविवारी पामबीचला कणीस खातील. वाईट ठराल तुम्ही.

वाफाळता_चहा
भांडण दोघांचं असतं हो. ओढणीखाली हात एकाचाच जातो.

लोकमान्यनगर_डेपो
बेल वाजवायला हरकत नाही, पण त्यापुढे जाऊ नका. आमच्या भावाच्या घरात ४९८अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, लागलं होतं. आई-वडील दोघं सत्तरीचे, सहा वर्षं ठाणे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी निर्दोष. शेजाऱ्यांनी काय ऐकलं होतं? टीव्हीचा आवाज! भिंतीपलीकडून न्याय करू नका एवढंच म्हणणं आहे.

काळा_डगला
तुमच्या आई-वडिलांचं झालं ते वाईटच, आणि अशा केसेस मी पाहिल्यात. म्हणूनच २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रार आली म्हणून सरसकट अटक करायची नाही. पण इथे दोन कायद्यांची गल्लत होतेय. ४९८अ हे फौजदारी कलम, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ झालंय. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वेगळा. त्यात बाईला आधी संरक्षण मिळतं, मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्क मिळतो, मग घर नवऱ्याच्या नावावर असो वा सासूच्या. नवऱ्याने तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा.

शेजाऱ्यांसाठी त्यातलं कलम ४ वाचा. हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं मानायला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. सद्हेतूने कळवणाऱ्यावर ना दिवाणी दावा, ना फौजदारी. म्हणजे ज्याला तुमचा सेक्रेटरी नाक खुपसणं म्हणतो, त्याला कायद्यात जागा आहे.

थेट_बोलतो
कायदा कागदावर. ती स्वतः का नाही जात? शिकलेली असेल ना?

वाफाळता_चहा
जाणार कुठे? माहेरचे म्हणणार, "जरा सांभाळून घे." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनीच सांगितलं की अमुक कारणासाठी नवऱ्याने मारलं तर चालतं. त्या कारणांच्या यादीत सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं होतं, स्वयंपाक नीट न करणंही. पुरुषांचा आकडाही तसाच, ४४. ते चार अंगठे कुठून आले ते कळलं ना?

घोडबंदरवाली
टॉवरमध्ये राहते. इथे भिंती जाड आणि लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये बघतात. बाकी फरक नाही.

माझं मत मात्र तुमच्या विरुद्ध, आणि ते अनुभवाचं आहे. आमच्याकडे एकदा खालच्या काकांनी पोलीस बोलावले. मी काय सांगितलं? "बाथरूममध्ये पाय घसरला." पोलीस गेले. त्या रात्रीचं लिहीत नाही. महिनाभर बाल्कनीचं दार बंद आणि फोन त्याच्याकडे. काकांना वाटलं असेल, आपण चांगलं काम केलं. मला न विचारता केलं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

लोकमान्यनगर_डेपो
हेच मी म्हणत होतो.

घोडबंदरवाली
नाही दादा, तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्हाला घर वाचवायचंय, मला ती बाई. पोलीस नकोत असं नाही, जिवावर बेतत असेल तर ११२ लावायचाच. एरवी आधी तिला एकटीला गाठा. तो कामावर असताना, कपडे वाळत घालताना, कुठेही. काय हवंय ते तिला विचारा. महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तोंडी सांगा, चिठ्ठी देऊ नका, चिठ्ठ्या सापडतात. तिची कागदपत्रं आणि थोडे पैसे ठेवायला तुमचं कपाट द्याल का, तेही सांगा. मला तशी एक बाई भेटली म्हणून आज इथे टाइप करतेय.

थेट_बोलतो
ठीक आहे. पण सगळ्यांनाच एवढं जमत नाही.

खाडीकाठची
तिची वाटी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी परत करायची नाही असं आई सांगायची. उद्या साबुदाण्याची खिचडी घालून नेईन. त्याची पहिली पाळी असते, दुपारी तीनपर्यंत घरात नसतो.