मदत हवी आहे: बेणारेबाई वर्गात कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.ए.ला विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक शिकवतेय. त्यातल्या नायिकेचं, बेणारेबाईचं व्यक्तिचित्रण लिहायला सांगितलं की उत्तर ठरलेलं: 'ती धीट, बोलकी पण दुर्दैवी आहे.' गाइडची कृपा! शेवटच्या स्वगतावर सगळे तुटून पडतात. त्याआधी तिच्यावर चालवलेल्या लुटुपुटूच्या खटल्यात ती जिथे गप्प राहते, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. गावातला सामंत कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, ज्यांच्याशी तिचं नाव जोडलं जातं ते प्रा. दामले तर रंगमंचावर येतच नाहीत. त्यातून कोण कसं आहे ते कळतं, हे मुलांच्या गावीही नसतं. वर्गातच खटला उभा करावा का? पण बोलणारी तीच चार टाळकी. संवाद आणि रंगसूचनांतून पुरावा शोधायला लावणारा स्वाध्याय कुणी घेतला असेल तर नमुना टाका ना. परीक्षा तोंडावर आहे.