शब्दचर्चा: ‘कुटुंब व युवा सेवा’ म्हणजे नेमकं कुणाचं खातं?

ओसरी:
इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एक लेख करतेय. अमेरिकी केंद्र सरकारात मुलांचं आणि घरांचं काम कोण बघतं, असा विषय. मजकूर सरळ झाला, पण एका पदनामावर येऊन गाडं अडलंय.

वॉशिंग्टनला आरोग्य व मानवसेवा खात्यात ‘ॲडमिनिस्ट्रेशन ऑन चिल्ड्रन, यूथ अँड फॅमिलीज’ आहे. त्याचा प्रमुख म्हणजे कमिशनर. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते. त्याच्या हाताखाली दोन ब्यूरो. एक १९१२ सालचा चिल्ड्रन्स ब्यूरो, तो दत्तक आणि बालसंरक्षण बघतो. दुसरा ‘फॅमिली अँड यूथ सर्व्हिसेस ब्यूरो’, आणि त्याच्या प्रमुखाला म्हणतात असोसिएट कमिशनर. घर सोडून निघालेल्या आणि बेघर पोरांचे निवारे, रस्त्यावर फिरून त्यांना गाठणारे कार्यकर्ते, अडनिड्या वयातलं गरोदरपण टाळण्याचे कार्यक्रम, या सगळ्यांना पैसा इथून जातो. घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या बायकांच्या आसऱ्यांचा निधीही बरीच वर्षं इथूनच जायचा, २०२३ मध्ये त्याला वेगळं कार्यालय मिळालं.

मी लिहिलं होतं, ‘कुटुंब व युवा सेवा विभागाच्या सहयोगी आयुक्त’. पुण्याला आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे कुटुंब नियोजनवाल्या का गं?” काय करू?

लाल फीत:
आईंना शंभर गुण! महाराष्ट्रात सरकारी पाटीवर ‘कुटुंब’ दिसलं की माणूस आधी कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो. १९७७ नंतर ‘कुटुंब नियोजन’चं ‘कुटुंब कल्याण’ झालं, तरी आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा अर्थ तोच राहिला. ‘कुटुंब कल्याण शस्त्रक्रिया’ म्हणजे काय ते गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

‘युवा सेवा’ची तीच गत. ‘युवक सेवा’ हे शब्द आपल्याकडे क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने आधीच अडवून ठेवलेत. ऐकणाऱ्याला बालेवाडीचं क्रीडासंकुल दिसतं, बेघर मुलगा दिसत नाही. म्हणजे तुमच्या बाईंचं अर्धं पद नसबंदीच्या शिबिरात आणि अर्धं कबड्डीच्या मैदानावर.

आपल्याकडे या कामाशी सर्वांत जवळचं पद म्हणजे आयुक्त, महिला व बाल विकास. कचेरी पुण्यात. बालगृहं, निरीक्षणगृहं, अठरानंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांची अनुरक्षणगृहं, महिलांची आधारगृहं, बालसंगोपन योजना असा पसारा त्यांच्याकडे. अंगणवाड्या मात्र त्यांच्याकडे नाहीत बरं का. त्यांना एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचं वेगळं आयुक्तालय आहे, ते नवी मुंबईत. दोन आयुक्त, वर मंत्रालयात सचिव एकच. बातमीत नुसतं ‘महिला व बालविकास आयुक्त’ वाचलं की कुठले, ते विचारून घ्यावं.

चांदणचुरा:
‘महिला व बाल विकास’ घ्यायला हरकत नाही, पण मग ब्यूरोच्या नावातला यूथ कुठे गेला? आपल्या खात्यात बाई आहे, मूल आहे. अठराच्या पुढचा मुलगा कुठेच नाही.

टिपणवही:
परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे याच प्रश्नावर दोन गोष्टी सांगतो.

आपला कायदा वयाच्या बाबतीत एकदम करकरीत आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अठरा पूर्ण न झालेला तो ‘बालक’. सतरा वर्षं अकरा महिन्यांचा, मिसरूड फुटलेला गडीसुद्धा कागदोपत्री बालकच. आम्ही अहवालात ‘सदर बालकाने’ लिहायचो आणि समोर आमच्यापेक्षा उंच पोरगा उभा असायचा. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यासाठी अनुरक्षणाची सोय आहे, साधारण एकविसापर्यंत, अपवादाने तेविसापर्यंत. पण त्या वयाला कायद्याने वेगळं नाव दिलेलं नाही. तो ‘माजी प्रवेशित’. ‘युवक’ शब्द या फायलींत येतच नाही.

क्रीडावाल्यांचा युवक वेगळाच. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात तेरा ते पस्तीस, २०१४ च्या धोरणात पंधरा ते एकोणतीस. राजकीय पक्षांतला युवक तर चाळिशीतही युवकच असतो, तो भाग सोडा.

अमेरिकेतल्या त्या ब्यूरोचे तात्पुरते निवारे अठराच्या आतल्यांसाठी आणि जास्त मुदतीची राहायची सोय सोळा ते एकविशीच्या पोरांसाठी, असं माझ्या वाचनात आहे. मग ‘किशोरवयीन’ म्हणावं तर वरचं टोक सुटतं आणि ‘तरुण’ म्हणावं तर खालचं. मी ‘किशोर व तरुण’ असे दोन्ही शब्द वापरीन. पदनाम लांबलं तर लांबलं.

आणि ‘कुटुंब’ नको असेल तर विशेषण घ्या. ‘कौटुंबिक’ला नियोजनाचा वास येत नाही. कौटुंबिक न्यायालय, कौटुंबिक हिंसाचार, हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत. २००५ च्या कायद्यानंतर तर तालुक्याच्या बाईलाही ‘कौटुंबिक हिंसाचाराची केस’ माहीत झाली.

अटकमटक:
‘कुटुंब’ म्हणजे बायको, हा अर्थ कुणीच काढला नाही? “आमचं कुटुंब माहेरी गेलंय” म्हणणारे आजोबा मी पाहिलेत.

असो. मला ‘आयुक्त’बद्दल लिहायचंय. हा शब्द कमिशनरसाठी नव्याने पाडलेला नाही. समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात ‘आयुक्तपुरुष’ येतात, जिंकलेल्या राजांची संपत्ती त्यांना परत करण्याच्या कामात गुंतलेले. त्याच्याही आधी अशोकाच्या लेखांत ‘युत’ नावाचे अधिकारी दिसतात. दोन्हीकडे धातू तोच, कामाला जुंपलेला माणूस.

उलट ‘अध्यक्ष’ बघा. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अध्यक्ष म्हणजे चक्क खातेप्रमुख. त्यातला सूत्राध्यक्ष विधवा, अपंग स्त्रिया, निराधार मुली यांना सूत कातायचं काम द्यायचा आणि सुताचा पोत बघून मजुरी ठरवायचा. घराबाहेर न पडणाऱ्या बायकांकडे दासींच्या हाती काम पोचवायचं, असंही सांगितलंय. ओसरीताईंच्या ब्यूरोप्रमुखांचा जुना भाऊबंद शोधायचा तर तो हा. आज मात्र अध्यक्ष सभेत खुर्चीवर बसतो आणि खातं चालवतो आयुक्त.

बातम्यांत हा घोळ रोज होतो. महिला आयोगाला किंवा बाल हक्क संरक्षण आयोगाला असतो अध्यक्ष. तो चौकशी करतो, शिफारस करतो. बालगृह चालवणं, अनुदान सोडणं, अधीक्षकाला निलंबित करणं हे आयुक्ताच्या बाजूचं काम. आयोग आणि आयुक्त यांचं मूळ एक, म्हणून लोक धरून चालतात की आयुक्त आयोगातच बसत असणार.

लाल फीत:
आता ‘असोसिएट’. ‘सहयोगी’ आपल्याकडे प्राध्यापक असतो, नाहीतर सत्तेतला धाकटा पक्ष. सरकारी उतरंडीत सहयोगी आयुक्त ऐकलेला नाही. आपल्या पायऱ्या अपर, अतिरिक्त, सह, उप, सहायक अशा. गंमत म्हणजे त्यांचा क्रमही सगळीकडे सारखा नाही. मुंबई पोलिसांत सह पोलीस आयुक्त अपर पोलीस आयुक्ताच्या वर. मुंबई महापालिकेत अतिरिक्त आयुक्त वर आणि सह आयुक्त त्याच्या खाली. इंग्रजीत अपर आणि अतिरिक्त दोघंही ॲडिशनलच! म्हणजे ‘सह’ मोठा की धाकटा, हे इमारत बघून ठरवायचं.

माझं मत, ‘सहआयुक्त’ करा. वर एक आयुक्त आहे आणि हा त्याच्या खालोखाल एका शाखेचा प्रमुख आहे, एवढं त्यातून कळतं.

पाटीपुस्तक:
एवढा काथ्याकूट कशाला? ब्यूरो म्हणजे संचालनालय, प्रमुख म्हणजे संचालक. सुटसुटीत.

लाल फीत:
संचालकाने वरचं नातं तुटतं. शिवाय आपल्याकडे संचालक आणि आयुक्त यांच्यात मान-अपमानाचं जुनं प्रकरण आहे. शिक्षण खात्यात संचालक खात्यातून चढत आलेला, आणि त्याच्या डोक्यावर आयुक्त म्हणून भारतीय प्रशासन सेवेचा अधिकारी. मराठी वाचकाला संचालक म्हटलं की तो ही उतरंड गृहीत धरतो, आणि अमेरिकेत असली भानगड नाही. ब्यूरोला ‘विभाग’ पुरे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागसुद्धा इंग्रजीत ब्यूरोच आहे.

चांदणचुरा:
‘सेवा’वर कुणी बोललं नाही. आपल्या खात्यात सेवा शब्द सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसलाय. अंगणवाड्यांचंच बघा, वर आयुक्त, मग त्यांच्या हाताखालचे अधिकारी, आणि सगळ्यात खाली अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. मानधनावर काम करणारी तेवढी सेविका, पगार घेणारा तो अधिकारी. माझ्या मते लेखात ‘सेवा’ ठेवू नये, ‘साहाय्य’ ठेवावं.

टिपणवही:
‘साहाय्य’ म्हटलं की लोक रोख अनुदान किती ते विचारतात. ‘सेवा’ राहू द्या ताई, इतर खात्यांतही तो शब्द नांदतोय.

ओसरी:
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: ‘किशोर, तरुण व कौटुंबिक सेवा विभागाच्या सहआयुक्त’. पहिल्यांदा येईल तिथे मूळ नाव देवनागरीत, आणि शेजारी एक वाक्य: ‘घरातून पळून गेलेल्या मुलामुलींच्या निवाऱ्यांना केंद्राचा निधी देणारं हे कार्यालय.’ चालेल?

टिपणवही:
पदनाम चालेल. वाक्यातलं ‘पळून गेलेल्या’ तेवढं बदला. मराठीत मुलगा पळून जातो म्हणजे घर सोडतो, आणि मुलगी पळून जाते म्हणजे लग्न करायला. निवाऱ्यात आलेल्या मुलीबद्दल गावातल्या वाचकाचा पहिला समज तोच होणार, आणि यातल्या कितीतरी मुली मारहाणीला कंटाळून निघालेल्या असतात. आम्ही अहवालात ‘घर सोडून आलेली’ लिहायचो. स्टेशनवर सापडलेल्या पोरांशी बोलतानाही तेच. “पळून आलास का?” विचारलं तर पोरगं गप्प बसतं. “घर कधी सोडलंस?” विचारलं तर निदान गाडीचं नाव तरी सांगतं.

ओसरी:
बदललं. ‘घर सोडून आलेल्या मुलामुलींच्या’. अंक गेला छपाईला.

अटकमटक:
आईंना पुन्हा वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते इथे कळवा.