‘काइंडली रिव्हर्ट’ लिहिलं आणि माझा पॅच मागे गेला

कात्रज_बोगदा:
नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंजिनिअरिंग पुण्यातच, आता हिंजवडीत नोकरी. दोन महिन्यांपूर्वी आयुष्यातला पहिला ओपन सोर्स पॅच पाठवला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या एका प्रोजेक्टला छोटी दुरुस्ती. कोड नाही, फक्त डॉक्युमेंटेशन. कॉन्फिग फाईल कुठे ठेवायची हे इन्स्टॉलच्या पानावर लिहिलंच नव्हतं आणि त्यापायी माझी शनिवारची अख्खी दुपार गेली होती. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, युरोपातले, त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. पॅच मर्ज झाला, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतला गेला. मी खाली आभार मानले आणि विचारलं, पुढच्या पानावरही असंच करू का, काइंडली रिव्हर्ट. ऑफिसात दिवसाला दहा मेल असेच जातात हो. रात्री बघतो तर मेंटेनर बाबाजींनी खरोखर गिट रिव्हर्ट मारलेला, म्हणजे माझा बदल काढून टाकलेला! वर नम्रपणे टीप, की तुमच्या विनंतीवरून केलं.

खुलासा केल्यावर पॅच परत आत गेला. पण तेव्हापासून हात आखडलाय. इश्यू (प्रोजेक्टकडे अडचणीची नोंद) लिहितो, तीनदा वाचतो, पुसून टाकतो. आधी मराठीत लिहून मशीनकडून इंग्रजी करून घेऊ का?

सदाशिवपेठी_टर्मिनल:
हसू आवरलं नाही, माफ करा. उत्तर द्या या अर्थाचं ‘रिव्हर्ट’ आपल्या ऑफिसांबाहेर फारसं चालत नाही. ‘डाउट’चंही तेच. आपण विचारायला जातो शंका, समोरच्याला वाटतं याचा माझ्या कोडवर भरवसा नाही. मराठीत ‘शंका’ दोन्हीला चालते, घोळ तिथूनच.
मशीन वापरा, पण जे येईल ते वाचून पाठवा. मी एकदा ‘कमिट केल्यावर बिल्ड बोंबलतं’ (म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की प्रोग्राम तयार होताना अडकतो) असं टाकलं, तर इंग्रजीत बिल्ड किंचाळत होतं.

कोथरूडची_पीओ_फाईल:
वयाने लहान असशील म्हणून अरेतुरे करते. मी बरीच वर्षं मराठी लोकलायझेशन, म्हणजे सॉफ्टवेअरचं भाषांतर, केलंय. पीओ फाईलमध्ये वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली आपलं. वर कुणी एक शब्द हलवला तरी खालचं भाषांतर ‘फझी’ ठरतं, आणि कुणीतरी ते तपासून खूण काढेपर्यंत वापरणाऱ्याला बहुतेक वेळा इंग्रजीच दिसतं. कुणाला तरी ‘हिअर’चं ‘ओव्हर हिअर’ करायची हौस येते आणि इथे माझी संध्याकाळ जाते. म्हणून मला तुझ्यासारखे लोक आवडतात. इंग्रजी बेताचं असलं की वाक्यं आपोआप आखूड येतात आणि त्यात विनोद नसतात. भाषांतर करणाऱ्याला आणखी काय हवं?
आणि इंग्रजीवाल्यांनीही हे भोगलंय. रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा १९९५ ला बाहेर आली तेव्हा तिचं बहुतेक लिखाण जपानीत होतं. इंजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर २००४ चं, त्याचे दस्तऐवज आधी रशियनमध्ये. आणि तुझ्यासारखं अडखळलेलं कुणी हवं तर रेडिस हा डेटाबेस लिहिणारे साल्वातोरे सानफिलिप्पो, सिसिलीचे. इंग्रजीने त्यांना किती वर्षं छळलं हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.
एक कामाची गोष्ट. एररचं भाषांतर करू नकोस, जशीच्या तशी चिकटव. मशीनवर मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लाव, एरर इंग्रजीत येईल.

स्पष्टवक्ता_३०:
एवढं रामायण कशाला? इंग्रजी सुधारा.

कात्रज_बोगदा:
@स्पष्टवक्ता, सुधारतोय, पण पुढची रिलीज त्याआधी आहे.
ताई, काल रात्री इश्यू टाकला. चारच ओळी: कुठली व्हर्जन, काय टाइप केलं, काय आलं, काय यायला हवं होतं. एरर जशीच्या तशी. सकाळी मेंटेनरचं उत्तर, बग मान्य, पानही तुम्हीच दुरुस्त कराल का? ‘शुअर, आय विल डू द नीडफुल’ असं लिहिलं होतं. शेवटचे तीन शब्द, तेही ऑफिसचंच इंग्रजी, पुसले, मग पाठवलं.

सदाशिवपेठी_टर्मिनल:
वाचलात!