मदत हवी आहे : अहमदाबादेत तीन दिवस, आणि मधला दिवस नेमका सोमवार

रानजाई

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून अहमदाबादला जायचं ठरतंय. शनिवारी रात्री पोहोचू, मंगळवारी रात्रीची परतीची गाडी. हातात रविवार, सोमवार, मंगळवार. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालतात, जिने शक्यतो नकोत.

जुनं शहर, मशिदी, वाव (पायऱ्यांच्या विहिरी) यांच्यासाठी वेगळी फेरी करू. या वेळी नव्या जागा पाहायच्या आहेत. कच्चा आराखडा असा :

रविवार : काँकरिया तलाव, संध्याकाळी अटल ब्रिज
सोमवार : सायन्स सिटी
मंगळवार : वास्तुविशारद दोशी आणि चित्रकार हुसेन यांची गुफा (जमिनीखालचं कलादालन), कॅलिको म्युझियम (कापडांचं संग्रहालय), वेळ उरला तर गांधीनगरचं अक्षरधाम

क्रम बरोबर आहे का? नुसत्या मेट्रोवर भागेल का? आणि मुक्कामाला स्टेशनजवळ बरं की नदीपलीकडे?

तिसरी_घंटा

आराखडा सोमवारीच कोसळतोय. सायन्स सिटी सोमवारी बंद. काँकरिया बंद, गुफा बंद, अक्षरधामही बंद. म्हणजे तुमच्या यादीतल्या सहापैकी चार जागांना त्या दिवशी कुलूप. दर आठवड्याला हॉटेलातून उत्साहाने निघून फाटकावरून परतणारी कुटुंबं दिसतात, कारण लोक फक्त वेळा बघतात, साप्ताहिक सुट्टी बघत नाहीत.

सोमवारी चालू काय? साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट (साबरमतीचा बांधलेला काठ), अटल ब्रिज, कॅलिको (त्याची सुट्टी बुधवारी). म्हणून नदीकाठ सोमवारी आणि बाकी सगळं रविवार-मंगळवारी, असं उलटं लावा. आश्रम 'जुना' म्हणून गाळू नका. तिथलं संग्रहालय वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी बांधलेलं, १९६३ चं. कौलारू छपरांचे चौकोनी मंडप, मधे पाण्याचं छोटं अंगण, सगळं एका पातळीवर. सासूबाईंना त्रास नाही. परिसराच्या पुनर्विकासाचं काम काढलेलं असल्याने कुठला भाग खुला आहे ते जाण्याआधी बघून घ्या.

तिथून आश्रम रोडनेच खाली आलात की मिल ओनर्स असोसिएशनची इमारत लागते. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची, १९५४ ची. ती बघायची तर सोमवारच योग्य, कारण ते चालू कार्यालय आहे, सुट्टीच्या दिवशी कोणी दार उघडत नाही. रस्त्यावरून थेट वरच्या मजल्याला नेणारा उतार आहे, पण तो लांब आहे. सासूबाईंनी पश्चिमेचा दर्शनी भाग खालूनच बघितला तरी चालेल. उन्हं अडवायला काँक्रीटचे तिरके पडदे का लावलेत ते दुपारी तीनला उभं राहिलं की आपोआप कळतं.

अवघड_वळण

कॅलिकोबद्दल : तिकीट खिडकीवर जाऊन मिळत नाही. आधी ऑनलाइन नोंदणी, थोड्याच लोकांचा गट, सकाळची मार्गदर्शकासोबतची फेरी. जागा फार लवकर भरतात, तेव्हा तारीख पक्की होताच नोंदवा. दहा वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, म्हणजे तुमचा मुलगा बाद. फोटो नाहीत, पिशव्या बाहेर ठेवायच्या. गटाबरोबर बराच वेळ उभं राहावं लागतं, त्यामुळे सासूबाईंनाही सुचवणार नाही.

खरंच बघायचं असेल तर सोमवारी सकाळी दोघांपैकी एकाने कॅलिको, बाकीच्यांनी आश्रम. कॅलिको शाहीबागेत नदीच्या पूर्वेला, आश्रम पश्चिमेला. अंतर फार नाही.

साबरकाठ

सायन्स सिटीला पूर्ण दिवस द्या, दुसरं काही जोडू नका. आवार १०७ हेक्टरचं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ॲक्वॅटिक गॅलरी (मत्स्यालय), रोबोटिक्स गॅलरी आणि नेचर पार्क सुरू झाल्यापासून अर्ध्या दिवसात उरकणारे लोक नुसते रांगा बघून परततात.

लोक फसतात ते तिकिटात. फाटकावरचं प्रवेशशुल्क वेगळं, गॅलऱ्यांचं वेगळं. आत शिरल्यावर पुन्हा खिडकी शोधण्यापेक्षा दोन्ही गॅलऱ्यांसह एकत्र तिकीट आधीच काढा. उघडताच आत शिरा आणि पहिली ॲक्वॅटिक गॅलरी घ्या. शाळांच्या सहली अकराच्या पुढे येतात आणि २८ मीटरचा काचेचा बोगदा मग चेंगरतो. शार्क डोक्यावरून जातो तिथे सगळे मोबाइल वर करून थांबतात, मागचे अडकतात. बोगद्याच्या पलीकडे पेंग्विन आहेत, मुलांचे पाय तिथून निघत नाहीत, तो वेळ धरून चला.

रोबोटिक्स गॅलरी दुपारी घ्या. आत वातानुकूलन आहे, ऊन टळतं. रोबो वाढपी असलेल्या कॅफेत गंमत आहे, पण जेवणासाठी त्याच्यावर विसंबू नका. भूक लागलेल्या मुलाला रोबोची चाल सोसत नाही.

तिसरी_घंटा

साबरकाठ, सासूबाईंचा हिशेब राहिला. गॅलऱ्यांमधलं अंतर उन्हात चालायचं आहे. आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, पण दर वेळी रांग लागते. माझ्या मते त्यांनी ॲक्वॅटिक बघून हॉटेलवर परतावं. दोन गॅलऱ्या, नेचर पार्क आणि आयमॅक्स एका दिवसात गुडघ्यांना झेपणार नाही.

साबरकाठ

नेचर पार्क आणि आयमॅक्स गाळायला हरकत नाही. परत पाठवायचं मात्र पटत नाही. शहराच्या टोकाला आलेल्या माणसाला एकटीला रिक्षात बसवून धाडण्यापेक्षा दोन गॅलऱ्यांच्या मध्ये तासभर बसवा, सावलीची जागा मिळते.

रानजाई

बापरे, सोमवारचं डोक्यातच आलं नव्हतं. मग असं करते : रविवारी काँकरिया आणि गुफा, सोमवारी आश्रम आणि अटल ब्रिज, मंगळवारी सायन्स सिटी. अक्षरधाम आणि कॅलिको सोडलं. अटल ब्रिजला सासूबाई चालतील ना? काँकरियाला मेट्रोचं 'काँकरिया पूर्व' स्टेशन दिसतंय, तेच धरू?

अवघड_वळण

काँकरिया पूर्व नावावर जाऊ नका. ते तलावाच्या फाटकाशी नाही, तिथून पुन्हा रिक्षा लागतेच. राहत्या जागेवरून थेट रिक्षा करा. मीटरने येणार का, हे बसण्याआधी विचारा.

काँकरियाला रविवारी सकाळीच जा. संध्याकाळी अख्खं शहर तिथे असतं. तलाव १४५१ चा, पण कुंपण, फाटकं, खेळगाडी, फुगे-पाळण्यांचा थाट हे सगळं २००८ च्या नूतनीकरणानंतरचं. पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या वर आहे. सासूबाईंना ती घडवू नका. खेळगाडीत बसवा, तलाव बसल्याजागी बघून होतो. नगीनावाडीला (तलावाच्या मधल्या बागेला) जाणारी वाट सपाट आहे. प्राणिसंग्रहालय शेजारीच, तिकीट वेगळं. दोन्ही करायची असतील तर आधी प्राणिसंग्रहालय, कारण ऊन चढलं की प्राणी आडोशाला जातात.

कोरा_कागद

गुफा दुपारी चार ते आठ एवढीच उघडी असते, त्यामुळे काँकरियानंतर जेवण-झोप करून या. गुजरात युनिव्हर्सिटी मेट्रो स्टेशनहून रिक्षाने जवळ. बाहेरून दिसतात ते जमिनीतून वर आलेले पांढरे घुमट, चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलेले, वरून पसरलेला काळा साप. आत पायऱ्या उतरून जायचं. जमीन कुठेच सपाट नाही, खांब झाडाच्या बुंध्यासारखे तिरपे, उजेड वरच्या झरोक्यांतून गोल पडतो. फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) पातळ कवचं आहेत, आवाज घुमतो, मुलं ओरडून बघतात. सासूबाईंना आत नेऊ नका, त्या चढउतारात घोटा मुरगळेल. बाहेर कॅफे आहे, बसायला छान. गुफा अर्ध्या तासात होते.

साबरकाठ

अटल ब्रिज : एलिस ब्रिज आणि सरदार ब्रिज यांच्या मधला पादचारी पूल, २७ ऑगस्ट २०२२ ला खुला झाला, लांबी ३०० मीटर. सासूबाई सहज चालतील, पूल सपाट आहे. तिकीट आहे, सुरुवातीला मोठ्यांना ३० आणि मुलांना-ज्येष्ठांना १५ रुपये ठेवलं होतं. पश्चिमेच्या फ्लॉवर पार्कच्या बाजूने चढा. पालडी किंवा गांधीग्राम स्टेशनहून रिक्षा मिळते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचलात तर पतंगासारखी रंगीत छत्री उजेडातही दिसते आणि दिवे लागलेलीही. गर्दीच्या दिवशी तासाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा घातलेली आहे, म्हणून रविवारऐवजी सोमवार हे उत्तमच झालं.

रिव्हरफ्रंटला दोन पातळ्या आहेत. खालची पाण्यालगत, वरची रस्त्यालगत. उतारावरूनच खाली जा, पायऱ्या नकोत. रिक्षावाल्याला आधीच सांगा की उतार असलेल्या ठिकाणी सोडा, नाहीतर वर सोडून तो मोकळा होतो.

हा धागा पुढे कोणी उन्हाळ्यात वाचेल म्हणून : नदीत दिसतं ते बहुतांशी नर्मदा कालव्याचं पाणी, वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. बंधाऱ्याच्या दरवाजांची दुरुस्ती निघाली की पाणी सोडून देतात, मग पात्र कोरडं आणि बोटी बंद. पावसाळ्यात धरोई धरणातून विसर्ग झाला की खालचा काठ बंद करतात. फेब्रुवारीत सहसा दोन्ही भानगडी नसतात.

तिसरी_घंटा

राहण्याबद्दल कोणी बोललंच नाही. स्टेशनजवळ नको. आश्रम रोड किंवा नवरंगपुरा बघा, ओल्ड हायकोर्ट मेट्रो स्टेशनपासून चालत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच एकमेकींना भेटतात.

सायन्स सिटीला मेट्रो जात नाही. थलतेजला उतरा, पुढे चार-पाच किलोमीटर रिक्षा. मंगळवारी परतताना हेच उलटं करा. संध्याकाळच्या रहदारीत रिक्षाने थेट कालुपूर (अहमदाबादचं मुख्य रेल्वे स्टेशन) गाठायच्या फंदात पडू नका. थलतेजहून कालुपूर एकाच मार्गिकेवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. सामान सकाळी हॉटेलातच ठेवा, ओल्ड हायकोर्टला उतरून उचला आणि पुढची मेट्रो धरा.

तिकिटावर गाडी कुठून सुटते ते मात्र दोनदा वाचा. कालुपूर स्टेशनच्या पुनर्विकासामुळे बऱ्याच गाड्या साबरमती, मणिनगर, वटवा, असारवा इथे हलवल्यात. साबरमती नावाची तर दोन वेगळी स्टेशनं आहेत, रिक्षावाल्याला नुसतं 'साबरमती' सांगितलं तर तो जवळच्यावर सोडेल. स्टेशनचा कोड बघून ठेवा. साबरमती निघालं तर मेट्रोने ओल्ड हायकोर्टला मार्गिका बदलून मोटेऱ्याच्या दिशेने जायचं.