चार मित्र आणि एक हिवाळा: कोकणातून जाऊन स्की-टूरिंगचा पूर्ण हंगाम काढावा का?

रत्नागिरीचा भटक्या:

नमस्कार. आम्ही चौघे मित्र रत्नागिरी आणि संगमेश्वर तालुक्यांतले आहोत, आणि पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या घाटवाटा चढणे हा आमचा जुना परिपाठ आहे. औली आणि गुलमर्ग येथे आम्ही स्कीइंगचे रीतसर शिक्षण घेतले असून तयार केलेल्या उतारांवर आता आम्हाला भीती वाटत नाही. येत्या हिवाळ्यात मात्र स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे बर्फाला धरणारी पट्टी, लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, वर पोहोचल्यावर ती काढायची आणि कोणी न दाबलेल्या बर्फावरून उतरायचे, अशा स्की-टूरिंगचा एक पूर्ण हंगाम एकत्र काढावा असा आमचा विचार आहे. आंब्याच्या मोहोरावरच्या फवारण्या घरच्यांवर सोपवून जानेवारीच्या अखेरीस निघायचे आणि शिमग्याला पालखी दारात येण्यापूर्वी परतायचे, एवढे ठरले आहे.

काश्मीरमधले गुलमर्ग आणि हिमाचलमधले सोलंग व लाहौल असे फिरत राहावे की एकाच ठिकाणी मुक्काम ठोकावा? गाइड संपूर्ण काळ आवश्यक आहे का? समुद्रसपाटीवर राहून शरीराची तयारी कशी करावी, आणि विकत घेतलेले साहित्य आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत टिकेल का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

देवरुखकर:

एकाच ठिकाणी राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण प्रवासाची दगदग हे नव्हे. डोंगरावरचा बर्फ थरांनी बनलेला असतो आणि प्रत्येक थर त्या त्या दिवसांच्या हवामानाची नोंद असतो. काश्मीरमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी प्रणाली, येतो तेव्हा बर्फ पडतो, आणि दोन विक्षोभांच्या मधल्या काळात आकाश निरभ्र राहून रात्री कडाक्याची थंडी पडते. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असताना अशी थंडी लांबली, तर जमिनीलगतच्या थराचे रूपांतर साखरेसारख्या सुट्या, एकमेकांना न धरणाऱ्या कणांत होते. पुढे त्यावर नवा जाड थर बसला की वरून सारे घट्ट दिसते, परंतु पाया कच्चाच राहतो, आणि एका स्कीअरच्या वजनाने वरचा संपूर्ण पापुद्रा एकदम सुटू शकतो. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, आणि दुर्दैवाने स्कीइंगला सर्वांत आनंददायक उतारही तेच असतात. जो माणूस तीन आठवडे एकाच खोऱ्यात राहून कोणत्या दिवशी किती बर्फ पडला आणि वारा कोणत्या बाजूने वाहिला हे वहीत लिहितो, त्याला या थरांचा काहीतरी अंदाज येतो. दर आठवड्याला खोरे बदलणाऱ्याला तो येत नाही.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे आणि गंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या माथ्याजवळ, 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. आपण समुद्राकाठून जाणार असल्यामुळे पहिले दोन-तीन दिवस गावाच्या आसपासच फिरावे. आरंभी बाबा रेशीच्या बाजूच्या सूचिपर्णी जंगलातले मंद उतार निवडावेत, कारण वादळी दिवसांतही तेथे दिसते तरी नीट. खिलनमर्गचे मैदान सपाट दिसत असले तरी ते अफरवतच्या उतारांच्या पायथ्याशी आहे, हे विसरू नये. गाइड निदान पहिले काही आठवडे घ्यावाच, आणि त्याच्यामागे नुसते चालण्याऐवजी तो एखादा उतार का टाळतो हे दर वेळी विचारावे.

तारखांबद्दल एक सूचना. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या अखेरीस संपतात. लोक त्या काळात बर्फ गृहीत धरतात, परंतु जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची मैदाने बराच काळ उघडी होती आणि मोठा बर्फ जानेवारीच्या अगदी अखेरीस आणि फेब्रुवारीत आला. तुमची जानेवारीअखेरची निवड मला त्यामुळे योग्य वाटते.

मालवणी दर्या:

देवरुखकरांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मूळ लेखकाने विचारलेलाच नाही. चौघांपैकी माघारी फिरण्याचा निर्णय कोण घेणार?

आपल्याकडे होडीवर तांडेलाचा शब्द अखेरचा असतो आणि ते योग्यच आहे. बर्फावरच्या मित्रमंडळाला ही पद्धत मुळीच लागू पडत नाही. तेथे सर्वांत अनुभवी माणूस पुढे असला की बाकीचे आपली शंका गिळून टाकतात, आणि सगळेच एकमेकांकडे पाहून निश्चिंत राहतात. म्हणून निघण्यापूर्वीच असे ठरवावे की चौघांपैकी कोणाही एकाने 'नको' म्हटले तर त्या दिवशी तो उतार सोडायचा, त्याला कारण विचारायचे नाही आणि संध्याकाळी त्याची थट्टाही करायची नाही. थट्टेचे कलम मुद्दाम घातले आहे. आपल्या मित्रमंडळांत माणूस धोक्याला जितका भितो त्याहून थट्टेला अधिक भितो.

शिमग्याच्या तारखेकडेही याच दृष्टीने पाहावे. परतीचे तिकीट ठरलेले असते, आठवडाभर वादळामुळे खोलीत बसावे लागलेले असते आणि शेवटच्या दोन दिवसांत आकाश स्वच्छ होते, तेव्हा मनावर विलक्षण दडपण येते. नेमका त्याच वेळी नवा बर्फ सर्वांत अस्थिर असतो. शेवटचे दिवस सोप्या उतारांसाठीच राखून ठेवावेत आणि हे घरूनच लिहून न्यावे. डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज पाहावेत, परंतु ते जिल्हा आणि उंची यांनुसार दिलेले असतात. तुमच्यासमोरचा उतार कसा आहे, हे त्यांतून कळत नाही.

आता बचावाविषयी. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात, आणि त्यानंतरच्या वीस मिनिटांत हे प्रमाण झपाट्याने खाली येते. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोहोचत नाही, म्हणजे वाचवणारे उरलेले तिघेच असतात. प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्‌झवर चालणारा बीकन (गाडलेल्या माणसाचा शोध लावण्यासाठी संकेत देणारे आणि घेणारे उपकरण), पाठपिशवीत प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि धातूचे फावडे हवेच. पूर्वतयारीसाठी कोकणात एक सोय आयतीच आहे. भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, हवाबंद डब्यात घालून बीकन पुरावा आणि बाकीच्यांनी तो घड्याळ लावून शोधावा. प्रोब मारणे आणि फावड्याने पाळीपाळीने उपसणे यांचाही सराव तेथेच होतो. ओल्या खाऱ्या वाळूत संकेत क्षीण होतो, त्यामुळे पाण्याजवळ पुरू नये. शोधताना मोबाइल बीकनपासून किमान अर्धा मीटर लांब किंवा बंद ठेवावा.

दोन लहान गोष्टी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे काश्मीरमध्ये चालत नाहीत, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड असावे. परदेशातून कोणी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण आणून दिले, तरी परवान्याशिवाय ते भारतात जवळ बाळगणे बेकायदेशीर आहे.

वाशिष्ठीकाठ:

साहित्याबद्दल लिहितो, कारण ते कोकणात सांभाळणे हा स्वतंत्र उद्योग आहे. साधे स्की गुलमर्गमध्ये भाड्याने सहज मिळतात, परंतु बूट स्कीला जोडणारी, टाच मोकळी सोडणारी टूरिंगची बाइंडिंग आणि त्यांना जुळणारे बूट मापाचे मिळतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे निदान बूट स्वतःचे असावेत. स्किन मात्र त्याच स्कीच्या रुंदीला कापलेली लागते. ती एका दिशेने घसरते आणि उलट दिशेने बर्फाला धरते, आणि तिची सगळी भिस्त मागच्या गोंदावर असते. दिवसभरात पुन्हा चढायचे असेल तर काढलेली स्किन पिशवीत न ठेवता जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवावी, कारण गार पडलेला गोंद चिकटत नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर असते. कौलांखालच्या माळ्यावर हे सामान कदापि ठेवू नये. वैशाखात तेथे गोंद वितळून कापडाला लागतो आणि श्रावणात बुटांच्या अस्तरावर बुरशी चढते. स्कीच्या पोलादी कडा खाऱ्या हवेने पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, म्हणून परतल्याबरोबर त्या कोरड्या पुसून तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्यावा आणि तो पुढच्या हंगामापर्यंत खरवडू नये. बुटांची अस्तरे काढून पूर्ण वाळवावीत आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावीत. बीकनमधल्या बॅटऱ्या काढाव्यात. त्या पाझरल्या की उपकरण वरून धडधाकट दिसते आणि आतून निकामी झालेले असते.

शरीराच्या तयारीसाठी तुम्हाला लांब जावे लागणार नाही. शृंगारपूरहून प्रचितगडाची चढण पाठीवर दहा-बारा किलो घेऊन नियमित करावी आणि उतरताना घाई करू नये, कारण स्कीवर मांड्यांना जो ताण पडतो तो उतरण्यातला आहे. स्किन लावून ताशी तीनशे-चारशे मीटर उंची गाठता आली तर पुरेसे आहे. विरळ हवेची सवय मात्र इथे होणार नाही, ती तिथेच जाऊन होईल.

रत्नागिरीचा भटक्या:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोलंग आम्ही वगळले आहे आणि 'नको'चा नियम चौघांनी मान्य केला, थट्टेच्या कलमासह. वाळूतला सराव दिवाळीनंतर भाट्याच्या किनाऱ्यावर सुरू करू. अटल बोगद्यामुळे लाहौल हिवाळ्यातही गाठता येते, म्हणून शेवटचा आठवडा तेथे घालवण्याचा मोह एकाला अजून सुटत नाही. त्याचे काय करावे?

देवरुखकर:

त्या मित्राला थोडे थांबायला सांगावे. 9 किलोमीटरचा तो बोगदा 2020 मध्ये खुला झाल्यापासून लाहौलमधल्या सिस्सू गावापर्यंत जाणे सोपे झाले, हे खरे. तथापि, तिथले चंद्रा नदीचे खोरे अरुंद असून दोन्ही बाजूंचे उतार थेट रस्त्यापर्यंत येतात आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर रस्ता हिमस्खलनाने बंद होतो. शिमग्यापूर्वी परतायचे असताना तेथे अडकणे परवडणारे नाही. लाहौलचा चांगला काळ मार्चअखेर ते एप्रिल हा आहे. तेव्हा निरभ्र रात्री बर्फ घट्ट गोठतो आणि उन्हाने वरचा पापुद्रा मऊ होतो, त्यामुळे पहाटे चढून दुपारपूर्वी उतरता येते. मात्र त्याच दिवसांत तुमच्या बागेत आंबा उतरवायला माणसे मिळत नसतील, त्यामुळे हा बेत चौघांना एकत्र कधी जमेल याबद्दल मी साशंक आहे.