खेळ, करमणूक आणि अमली पदार्थ : नफ्याचे गणित एकच का?

प्रश्न : व्हिडिओ खेळांतल्या पैसे मोजून उघडायच्या पेट्या (आत काय निघेल ते नशिबावर), आपोआप सुरू होणारा मालिकेचा पुढचा भाग आणि व्यसन लावणाऱ्या गोळ्यांचा प्रचार यांमागे नफ्याचे एकच गणित आहे, असे म्हणणे रास्त ठरेल का?

प्रतिसाद १ : बऱ्याच अंशी. पेटी उघडताना ती आधी थरथरते, मग प्रकाश फुटतो आणि दुर्मीळ वस्तू थोडक्यात हुकल्याचा भास होतो; ही रचना थेट जुगाराच्या यंत्राची. पैसे लावणे, नशीब आणि हार-जीत हे सारे त्यांत असल्याने बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे मोजून उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपोआप सुरू होणारा भाग त्यामानाने साधा: थांबण्याचा निर्णय प्रेक्षकावर ढकललेला.

प्रतिसाद २ : औषधांची तुलना मला ताणलेली वाटते, कारण तिथे मध्ये डॉक्टर असतो.

प्रतिसाद ३ : डॉक्टरालाही विक्री प्रतिनिधी भेटतोच की! १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना सांगितले गेले आणि २००७ मध्ये ती बनवणाऱ्या पर्ड्यू या औषध कंपनीच्या संलग्न कंपनीने या दिशाभुलीचा गुन्हा अमेरिकी न्यायालयात कबूल केला. याउलट उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने गांजाला परवानगी देताना त्याच्या जाहिरातीवर बंदी घातली, म्हणजे वापर कायदेशीर करूनही विक्री वाढवण्याची ओढ धोरणातूनच रोखण्याचा प्रयत्न केला.